तीन वाजताचं रीडिंग

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पूर्वेच्या भिंतीला उलटा हात लावून उभे होते. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते, तसा. मार्च महिना होता, सकाळचे दहा वाजले असतील, आणि मी बायकोला घेऊन खोल्या बघायला आलो होतो. मी दोनदा खाकरलो. त्यांनी वळून न बघता दुसऱ्या हातानं थांबायची खूण केली, भिंतीवर आणखी एक-दोन ठिकाणी हात टेकवला आणि स्वतःशीच म्हणाले, "कणकण हाय. औंदा लवकर धरलं."

मग आमच्याकडे वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठली, गाव कुठलं, खाणंपिणं काय, यातलं काही नाही.

"सकाळी किती वाजता उठता?"

"साडेसहा," मी म्हणालो. सातला उठत होतो, पण जरा प्रतिष्ठा राखली.

"मग न्हाय जमायचं."

बायको म्हणाली, "मी पाचला उठते."

"मग बाईंना दिली खोली," ते म्हणाले. "त्यांच्यासंगं तुमी ऱ्हावा."

अशा रीतीनं मी सोलापुरातल्या त्या घरात बायकोचा पोटभाडेकरू म्हणून राहायला गेलो. एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची नवी नोकरी लागली होती. मी करमाळ्याकडचा. ऊन मला नवं नव्हतं, पण उन्हाशी असं समोरासमोर भांडण मांडून बसलेला माणूस नवा होता.

सगळा बोळ त्यांना आबा म्हणायचा. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगानं काडी, अंगात बंडी आणि गळ्यात कायम ओला टॉवेल. हा टॉवेल सकाळी भिजायचा तो संध्याकाळपर्यंत वाळायचा नाही, कारण आबा दर तासाला नळ नसेल तर माठ, आणि माठ नसेल तर आमचा माठ गाठायचे. घराची मागची बाजू त्यांची, पुढच्या दोन खोल्या आमच्या. घर साधं, एकमजली, वर गच्ची. पण आबांच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, घरात कुणीतरी नाजूक तब्येतीचं माणूस आहे आणि आम्ही सगळे त्याच्या उशाशी बसलो आहोत.

"घराला पण ऊन लागतं, मास्तर," ते म्हणायचे. "फरक एवढाच, घर सांगत न्हाय."

गिरणीत असायचा भोंगा, आबांकडे होती शिट्टी. पहाटे पाचला पहिली शिट्टी : सगळ्या खिडक्या, दारं, झरोके उघडा. आठला दुसरी : सगळं बंद, पूर्वेचे पडदे खाली. बाराला तिसरी : पश्चिमेचे पडदे. या पडद्यांना पडदे म्हणायचं ते आमच्या समाधानासाठी. त्या जुन्या सोलापुरी चादरी होत्या, पाण्यात बुडवून, हलक्या पिळून टांगलेल्या. संध्याकाळी सातला शेवटची शिट्टी झाली की पुन्हा सगळं सताड उघडं, आणि मगच गच्चीवर पाणी मारायचं. दुपारी पाणी मारणाऱ्या शेजाऱ्यांकडे ते फार दुःखानं बघायचे. "तापल्या तव्यावर पाणी मारतोय बघा. स्लॅबला तडे गेल्यावर रडंल." एकदा मी सकाळी सव्वाआठला जरा हवा यावी म्हणून खिडकी किलकिली केली. अर्ध्या मिनिटात आबा बाहेरून खिडकीत प्रकट झाले. "मास्तर, तुमी हवा घेत न्हाय, पाव्हणा घेताय. जातो म्हणणार न्हाय त्यो आता."

आमच्या धुण्याचं वेळापत्रकही त्यांच्याच हातात होतं. जगात लोक कपडे धुतात ते मळले म्हणून. आमच्याकडे कपडे धुतले जायचे ते भिंत तापली म्हणून. दुपारी एकला ओले कपडे पश्चिमेच्या भिंतीच्या तारेवर पडलेच पाहिजेत, आणि त्यातही जाड कपडे मध्यभागी. बायकोच्या साड्यांवर ते नाराज असायचे, कारण त्या "लगीच वाळत्यात, कामाला येत न्हाईत". माझ्या दोन जीन पँटी मात्र त्यांना जीव की प्राण होत्या. त्या मी घातलेल्या दिसल्या की त्यांचा चेहरा पडायचा. आठवड्यात कमीत कमी चार दिवस त्या भिंतीला हव्या असायच्या.

काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, या सगळ्याला सरावलेल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची शेगडी सकाळी आठला जी विझायची ती, दुपारचा चहा सोडला तर, संध्याकाळपर्यंत पेटायची नाही. आठवड्यातून एकदा पहाटे बसून कडक भाकरी करून ठेवायच्या आणि दुपारी ताकाशी त्याच. सून पहिल्यांदा आली तेव्हा तिनं भर दुपारी पुरणपोळी करायला घेतली होती आणि आबा स्वयंपाकघराच्या दारात सुतकी तोंड करून बसले होते, ही गोष्ट काकू अजून चवीनं सांगायच्या. "पोळी खाल्ली की पण. चार खाल्ल्या. पण रडत रडत."

मुलगा पुण्यात मोठ्या नोकरीवर होता. आम्ही राहायला जायच्या आदल्या वर्षी त्यानं आईवडिलांसाठी एसी पाठवला. आबांना तो फार आवडला. म्हणजे खोकं आवडलं. जाड पुठ्ठा त्यांनी कापून पश्चिमेच्या खिडकीला आतून बसवला, थर्माकोल पाण्याच्या टाकीच्या झाकणावर दोऱ्यांनी बांधला, प्लास्टिक कुंड्यांखाली घातलं. यंत्र तेवढं कशातच बसेना, म्हणून ते जिन्याखाली ठेवलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळायचा. मुलानं फोनवर विचारलं, एसी कसा चाललाय, तर आबा म्हणाले, "एक नंबर. टाकीचं पाणी आता दुपारी पण गार लागतं."

हे सगळं वेड कुठून आलं, ते कळायला मला जरा वेळ लागला. आबा एका कापड गिरणीत होते, पण मागावर नव्हते. विणकाम खात्यात हवा दमट ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, सूत तुटलं की माग थांबतो, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे चालू ठेवायचे आणि तासातासाला भिंतीवरचं थर्मामीटर बघायचं. तीस वर्षं हा माणूस सुताला काय मानवतं एवढंच बघत होता. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांनी आठवण म्हणून काय काय नेलं.

"कुणी खुर्ची नेली, कुणी घड्याळ," आबा सांगायचे. "मी हवा आणली की घरी."

ही हवा म्हणजे ते थर्मामीटर. मधल्या खोलीत, देवघराच्या शेजारी टांगलेलं. सागाच्या फळीवर काचेच्या दोन नळ्या शेजारी शेजारी, आणि उजव्या नळीच्या पायथ्याशी एक चिमुकली कुपी. देवाला फूल वाहून झालं की आबा त्या फळीवरूनही एक हात फिरवायचे.

आता पैजेकडे येतो. आम्ही राहायला गेलो त्याच्या आदल्या मे महिन्यात आबा गच्चीवर चक्कर येऊन पडले होते. भर तीन वाजता टाकीवरचं गोणपाट वाऱ्यानं सरकलं म्हणून ते ओलं करायला गेले, आणि तिथंच आडवे झाले. काकू खाली झोपल्या होत्या. पुढच्या खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. तासभर कुणाला पत्ता नव्हता. शेवटी शेजारच्या बाई पापड काढायला त्यांच्या गच्चीवर गेल्या म्हणून दिसले. दोन बाटल्या सलाइन लागलं. आबांची त्यावर प्रतिक्रिया एवढीच की, "गोणपाट तसंच ऱ्हायलं त्या दिवशी."

म्हणून त्या पाडव्याला मुलगा आला तो ठरवूनच. मी समोर होतो, कारण काकूंनी आम्हाला श्रीखंड खायला बोलावलं होतं.

"आबा, यंदाचा उन्हाळा पुण्याला काढायचा. मग पुढं बघू. घर काय, विकता येईल."

आबांनी वाटी खाली ठेवली. मी त्यांना रागावलेलं बघितलं होतं, रुसलेलं बघितलं होतं, पण घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. घर विकायचा शब्द ऐकला आणि त्यांचा हात आपोआप मागच्या भिंतीला टेकला.

"घर गार हाय माझं," ते म्हणाले. "पुण्यापरीस गार हाय."

"सोलापूर? मे महिन्यात?"

"लाव पैज. मधल्या खोलीत, दुपारी तीनला, पाडव्यापासनं मृगापर्यंत. एक दिस जरी पारा तिसाच्या वर गेला, तर मुकाट तुझ्यासंगं पुण्याला येतो. घराचं काय करायचं ते कर. आणि न्हाय गेला, तर ह्यो विषय परत काढायचा न्हाय."

बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीस गाठतो त्या गावात हा माणूस तीस म्हणत होता. मला वाटलं, म्हातारा हरला. मुलगा मात्र थर्मामीटरकडे एकदा बघून लगेच म्हणाला, "मान्य. पण रीडिंग तुम्ही घ्यायचं नाही. सर घेतील. रोज, तीनच्या ठोक्याला. आणि मला फोनवर कळवतील."

असा मी पंच झालो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत सुटला होता आणि तोही परस्पर संमतीनं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी वही घेऊन गेलो आणि विचारलं, "आबा, नळ्या दोन आहेत. बघायची कुठली?"

"उजवी."

"आणि डावी?"

"ती जुनी झाली आता. गिरणीसंगं गेली." त्यांनी हात झटकला. "जोडीला म्हणून ठिवली. तिच्याकडं बघू नगा, तिला बरं वाटत न्हाय."

उजवीवर चोवीस होते. मी लिहिले. फोन करून सांगितले. मुलगा म्हणाला, "वा. आबा काय करतायत? आई?" मी म्हणालो, बरे आहेत, चहा ठेवतायत. तो म्हणाला, "ठीक. उद्या परत."

हे रोजचं झालं. एप्रिल तापला, बाहेर कुत्री गटारीत बसायला लागली, आणि मधल्या खोलीत पंचवीस. मी तर भारावूनच गेलो. महाविद्यालयात, एसटीत, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगायला लागलो की आमच्या घरी भर दुपारी पंचवीस असतं. बायकोचा तेवढा विश्वास बसेना.

"पंचवीस असेल तर माझं दही तीन तासांत आंबट का होतं?"

"विरजण जास्त घालत असशील."

"आणि तुमच्या पाठीवरून हे काय वाहतंय?"

"सवय व्हायला वेळ लागतो," मी म्हणालो. आकडा समोर असताना घामाचं काय ऐकायचं, अशी माझी भूमिका होती.

एकदा भौतिकशास्त्राचे नव्हे, इतिहासाचे एक सहकारी मुद्दाम बघायला आले. मधल्या खोलीत बसले. आबांनी त्यांना उजवी नळी दाखवली. "बघा. पंचवीस. महाबळेश्वर." गृहस्थांचा शर्ट पाठीला चिकटला होता, कपाळ निथळत होतं, पण काचेवर पंचवीस दिसल्यावर त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाले, "खरंच की. जरा गारवाच वाटतोय." जाताना काकूंनी त्यांना गरम चहा दिला, तोही ते प्यायले.

काकूंची कमाल त्याच्याही पुढची होती. रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिथंच होतो. फोन वाजला तशा काकूंनी खुंटीवरची चादर ओढून अंगाभोवती घेतली, फोनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बोल की बाळा. व्हय, बरी हाय. जरा हुडहुडी भरल्यागत होतंय, दुसरं काय न्हाय." कॉल संपल्यावर चादर अशी फेकली की देवघरातला दिवा विझला.

मी हसलो, पण मनात कुठंतरी खुट्ट झालं. पंचवीस असेल तर चादर फेकायची घाई कशाला?

उत्तर चार दिवसांनी मिळालं. आबा त्या दिवशी एका लग्नाला अक्कलकोटला गेले होते. मी तीनला गेलो. खोली रोजच्यासारखीच होती, चादरी ओल्या होत्या, पुठ्ठा जागेवर होता. उजव्या नळीकडे बघितलं. पस्तीस. डोळे चोळून परत बघितलं. पस्तीस. आबा पैज हरले होते, आणि तेही घरात नसताना. आता हे मी कुठल्या तोंडानं फोनवर सांगू? मग सहज डावीकडे लक्ष गेलं, त्या आजारी नळीकडे. तिथंही पस्तीस.

एवढ्यात काकू आतून वाटी-चमचा घेऊन आल्या. "रीडिंग घेताय व्हय? थांबा जरा. त्याला पाणी पाजायचं ऱ्हायलं आज." आणि त्यांनी चमच्यानं अगदी अलगद, बाळाला औषध द्यावं तसं, उजव्या नळीच्या कुपीत पाणी सोडलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्या नळीचं टोक सुताच्या वातीत गुंडाळलेलं आहे आणि वातीचं दुसरं टोक कुपीत बुडलेलं आहे. काकूंनी वातही जरा बोटानं भिजवली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पारा उतरायला लागला. तेहेतीस. तीस. सत्तावीस. पंचवीसवर येऊन तो निवांत बसला.

"हां," काकू म्हणाल्या. "आता लिवा."

मी लिहिलं.

संध्याकाळी आबा परतल्यावर मी त्यांना गाठलं. "आबा, ही नळी ओली आहे."

"व्हय."

"ओल्या नळीचा पारा खाली राहतो."

"ऱ्हाणारच की. हवा जेवढी कोरडी तेवढा खाली. गिरणीत त्याच्यावरच तर समदं चालायचं."

"म्हणजे खरी नळी डावी! तिला काही झालेलं नाही! तुम्ही मुलाला फसवलंत, आणि मलाही."

आबांनी टॉवेल गळ्यातून काढला, पुन्हा गळ्यात घातला. "मास्तर, मी म्हणलं पारा. कुटली नळी ते कुणी विचारलं? आणि खोटं काय हाय त्यात? कोरडी नळी नुसत्या हवेला विचारती. ओली नळी सुताला विचारती, तुला कसं वाटतंय म्हणून. तीस वर्सं सुताचंच ऐकलं मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सांगणार काय तुमी त्याला?"

मला त्यांचा राग आला होता, आणि तो राग त्या प्रश्नासरशी गेला. त्या घराशिवाय हा माणूस पुण्याच्या नवव्या मजल्यावर काय करणार होता? तिथं भिंतींना हात लावून कुणाचा ताप बघणार होता? पण तासभर गच्चीवर पडलेला माणूसही हाच होता, आणि मुलाची भीतीही मला कळत होती. शेवटी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ब्लॅकमेल केलं.

"सांगणार नाही. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुम्ही गच्चीवर पाय ठेवायचा नाही."

"आणि गोणपाट?"

"गोणपाट मी बघतो."

आबांनी शब्द पाळला. पाय ठेवला नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून दारातून फक्त डोकं बाहेर काढायचे आणि मला हुकूम सोडायचे. चुना मारायचा राहिला होता, तो माझ्याकडून मारून घेतला. चुना रात्रभर भिजवलेला, त्यात मूठभर मीठ आणि पातळ केलेला गोंद, एक हात उभा, वाळला की दुसरा आडवा. "कोपऱ्यात मारा की! कोपऱ्यातनंच ऊन शिरतंय! मास्तर, मराठी शिकवताय का चुना मारताय?" दोन दिवसांत माझे केस, भुवया आणि चपला पांढऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी वर्गात... सुट्टी होती म्हणून वाचलो. पण तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी वाकून डावी नळी बघितली तर ती दोन अंशांनी उतरली होती. खरोखरची. आबांना सांगितलं तर म्हणाले, "तिच्याकडं बघू नगा म्हणलं ना." पण संध्याकाळपर्यंत ते शिट्टीवर कुठलंसं गाणं वाजवत होते.

मृगाच्या दिवशी मुलगा आला. पावसाचा पत्ता नव्हता, आभाळ भांड्यासारखं घासूनपुसून ठेवलेलं. काकू सकाळपासून त्याच्या आवडीचं करण्यात गुंतल्या होत्या. आबांनी धुतलेली बंडी घातली होती. पैजेचं शेवटचं रीडिंग, पंच मी, आणि माझ्या वहीत अडीच महिन्यांचं असत्य सुवाच्य अक्षरात लिहिलेलं.

तीनला आम्ही तिघं मधल्या खोलीत उभे राहिलो. मी नळीकडे बघितलं आणि गार पडलो, त्या घरात खऱ्या अर्थानं पहिल्यांदाच. सत्तावीस. बघता बघता अठ्ठावीस. कुपी कोरडी ठणठणीत होती. लेक येणार या आनंदात काकू पाणी पाजायला विसरल्या होत्या. वात वाळत चालली होती आणि पारा चढत होता. आबांनाही दिसलं. त्यांचं तोंड उघडलं, पण मुलगा नळीच्या अगदी समोर उभा होता, आणि त्याच्या देखत चमचा कोण आणणार? एकोणतीस. आबांचा हात मागं गेला आणि भिंतीला टेकला.

"आबा," मुलगा एकदम म्हणाला, "ती चुन्याची रीत कागदावर लिहून ठेवलीय म्हणालात ना? आणा की जरा. पुण्याच्या गच्चीलाही मारतो."

आबा जायला तयार नव्हते. पण चुन्याची रीत कुणी मागितली आणि दिली नाही, असं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. ते गेले.

मुलानं खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण भरून पाणी घेतलं आणि एक थेंब न सांडता कुपीत सोडलं. मग करंगळीनं वात वरपासून खालपर्यंत भिजवली आणि पंखा दोन घरं वाढवला. हात सरावलेला होता. मी वही छातीशी धरून बघत राहिलो.

"लहानपणी हे काम माझं होतं, सर," तो हळूच म्हणाला. "शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आधी वातीला पाणी."

"म्हणजे तुम्हाला पाडव्यापासून माहीत होतं?"

"ओली नळी म्हटल्यावर ती मे महिन्यात तिसाला जात नाही. आबांनी तीस उगाच म्हटलं नव्हतं."

"मग ही पैज कशाला? मला रोज पळवलंत कशाला?"

"गेल्या वर्षी आबा पडले तेव्हा तीन वाजले होते." तो नळीकडेच बघत होता. "रोज तीनला कुणीतरी दार वाजवावं, एवढंच हवं होतं मला. तब्येत बघायला माणूस येतो म्हटलं असतं तर आबांनी कडीच काढली नसती. रीडिंगला येतो म्हटल्यावर तुम्हाला चहा मिळाला."

अडीच महिने मी त्याला फोनवर पारा सांगत होतो, आणि तो दरवेळी पाऱ्यावर एक शब्द बोलून पुढे विचारायचा, आबा काय करतायत, आई काय करतेय. हे मला मराठीचा मास्तर असून कळलं नव्हतं.

आबा कागद घेऊन आले. पारा सव्वीसवर होता. त्यांनी नळीकडे बघितलं, काठोकाठ भरलेल्या कुपीकडे बघितलं, मुलाच्या ओल्या करंगळीकडे बघितलं. मग कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "गोंद जास्त घालू नगं. पापुद्रे धरतंय." आणि आत जाऊन काकूंना चौघांचा चहा टाकायला सांगितलं.

मी सव्वीस लिहिलं आणि खाली सही केली.

आम्ही त्या घरात आणखी तीन वर्षं होतो. पुढच्या पाडव्याला पैज नव्हती, विषय बंद झाला होता, मुलानं शब्द पाळला होता. मी वही माळ्यावर टाकली. त्या दुपारी जेवून जरा आडवा झालो तोच खिडकीवर टकटक झाली. आबा बाहेर उभे होते, गळ्यात ओला टॉवेल.

"मास्तर, तीन वाजून धा मिनिटं झाली."

"आबा, यंदा पैज कुठं आहे?"

"नसू दे की. तरी येत जावा." ते आमच्या भिंतीला उलटा हात लावून उभे होते, माझ्याकडे न बघता. "थर्मामीटरला सवय लागलीय."

मी चपला पायात सरकवल्या. मधल्या खोलीत चहा गाळून तयार होता.